गट खरे, पायऱ्या सोयीच्या

पिंपरीत मोटारींचे कारखाने येण्याआधी औषधाचा कारखाना आला. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि 1955 पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिनचं तंत्र परदेशातून आलेलं होतं. पण कारखान्याला जोडून संशोधन विभाग होता आणि तिथे कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी नव्या प्रतिजैविकांच्या शोधात सूक्ष्मजीवांची छाननी करत होते. त्यातून 1961 मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक पुढे आलं. काही वर्षांत पिकांच्या रोगांसाठी ऑरिओफंगिन आलं. हॅमायसिन बनवणाऱ्या जिवाला संशोधकांनी नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे एकाच आवारात दोन उलट गोष्टी घडत होत्या. पेनिसिलिन ही बुरशीची निर्मिती, आणि ती मारते जिवाणूंना. हॅमायसिन ही जिवाणूची निर्मिती, आणि ते मारतं बुरशीला. सजीवांचं वर्गीकरण कशासाठी करायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

वर्गीकरण म्हटलं की बहुतेकांना शाळेतला तक्ता आठवतो: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. सात शब्द पाठ करायचे, प्रत्येक खणात एकेक उदाहरण टाकायचं आणि परीक्षा झाली की विसरून जायचं. या शिकवणुकीमागे एक समजूत आहे. निसर्गातला पसारा आवरण्यासाठी माणसाने केलेली मांडामांड म्हणजे वर्गीकरण. ती अशी केली काय आणि तशी केली काय, फरक फक्त सोयीचा. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि तिची उरलेली अर्धी बाजू महागात पडते, असं या लेखाचं म्हणणं आहे. चांगलं वर्गीकरण जे पाहिलं आहे त्याची नोंद तर ठेवतंच, पण जे अजून पाहिलेलं नाही त्याबद्दल अंदाज बांधायला शिकवतं. तो अंदाज खरा ठरतो, कारण वर्गीकरणाखाली एक घडून गेलेला इतिहास असतो: कोण कोणापासून उत्पन्न झालं याचा. डार्विनने 1859 मध्ये खरं वर्गीकरण म्हणजे वंशावळ असल्याचं मांडलं. जीवशास्त्राने ते प्रत्यक्षात आणायला पुढची शंभराहून अधिक वर्षं घेतली.

पिंपरीतल्या त्या दोन औषधांकडे या नजरेने पाहू. जिवाणूंच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची जाळीदार भिंत असते. जाळीचे धागे एकमेकांत गुंतवण्याचं काम पेनिसिलिन अडवतं. भिंत कच्ची राहते आणि वाढणारा जिवाणू फुटतो. बुरशीच्या पेशीलाही भिंत आहे, पण ती कायटिन आणि ग्लुकनची. आपल्या पेशींना तर भिंतच नाही. म्हणून बुरशी पेनिसिलिन बनवूनही शाबूत राहते आणि आपण ते टोचून घेऊनही शाबूत राहतो. हॅमायसिनचा निशाणा वेगळा. ते बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि पटलाची राखण मोडतं. जिवाणूंच्या पटलात सहसा स्टेरॉल नसतातच, त्यामुळे ते बनवणाऱ्या जिवाणूला त्याची बाधा होत नाही. ही दोन्ही औषधं काम करतात ती सजीवांच्या मोठ्या गटांमधल्या सीमारेषेवर. ती सीमारेषा कागदावरची असती, तर औषधाला ती दिसली नसती.

गंमत अशी की स्ट्रेप्टोमायसिस आणि त्याचे भाईबंद, ज्यांना ॲक्टिनोमायसीट म्हणतात, ते दीर्घकाळ बुरशीतच किंवा बुरशी आणि जिवाणू यांच्या मधल्या जागेत गणले जात. त्यात अभ्यासकांचा आळस नव्हता. हे जीव मातीत तंतूंसारखे पसरतात, फांद्या फोडतात, तंतूंच्या टोकांना बीजाणू धरतात; पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वासही मुख्यतः त्यांचाच. डोळ्यांना दिसणारी सगळी लक्षणं बुरशीची. पण सूक्ष्मदर्शकाची ताकद वाढली तेव्हा त्या तंतूंमध्ये पटलाने वेढलेलं केंद्रक सापडलं नाही, आणि 1950 च्या दशकात पेशीभित्तिकांचं रसायन तपासलं गेलं तेव्हा तिथे पेप्टिडोग्लायकन निघालं. प्रश्न मिटला: हे जिवाणू आहेत. तंतूंची रचना ही दोन परक्या घराण्यांनी एकाच गरजेपोटी स्वतंत्रपणे शोधलेली युक्ती ठरली. यातून एक महत्त्वाचा नियम हाती येतो. दिसणं सारखं असलं म्हणून नातं असतंच असं नाही, आणि औषध शोधणाऱ्याला, शेतकऱ्याला, डॉक्टरला उपयोग असतो तो नात्याचा.

मोठ्या गटांचा इतिहास याच नियमाने वाचता येतो. लिनियसने 1735 मध्ये सजीवांच्या दोन सृष्टी मानल्या, वनस्पती आणि प्राणी. हलतं ते प्राणी, रुजतं ते वनस्पती. बुरशीही वनस्पतींतच गेली. 1866 मध्ये हेकेलने सूक्ष्मजीवांसाठी प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी काढली. 1938 मध्ये कोपलँडने केंद्रक नसलेल्यांना वेगळं करून चार सृष्टी केल्या. 1969 मध्ये रॉबर्ट व्हिटाकरने बुरशीला स्वतंत्र स्थान देऊन पाच केल्या, आणि तीच मांडणी आपल्या शाळांत स्थिरावली. या प्रत्येक पायरीवर पुरावा बाह्य रूपाकडून आत सरकला: आकार, मग पेशीची रचना, मग पोषणाची पद्धत. खरी उलथापालथ 1977 मध्ये झाली. कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी प्रत्येक सजीव पेशीत असणाऱ्या रायबोसोममधल्या आरएनएचे क्रम ताडून पाहिले. सारखेच दिसणारे केंद्रकहीन जीव त्यात दोन अगदी दूरच्या घराण्यांत विभागले गेले: जिवाणू आणि आर्किया. 1990 मध्ये वोझने सहकाऱ्यांसह सृष्टींच्याही वर तीन अधिक्षेत्रं मांडली. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे जीव आर्किया आहेत. पूर्वी त्यांना बिनदिक्कत जिवाणू म्हटलं जाई; पण त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसतं आणि पेनिसिलिनचं त्यांच्यापुढे काही चालत नाही.

रेणूंच्या क्रमांनी आणखी एक अनपेक्षित नातं उघड केलं. बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, जवळची आहे. 1990 च्या दशकारंभी हे स्पष्ट झालं आणि नंतर आलेल्या जनुकीय पुराव्याने ते पक्कंच केलं. भाजीच्या दुकानात आळिंब्या कोबीशेजारी ठेवलेल्या असतात, पण त्यांचं घराणं ग्राहकाच्या बाजूचं आहे. ही माहिती केवळ चमत्कारिक नाही. 2021 च्या उन्हाळ्यात कोविडपाठोपाठ महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावपळ झाली. अँफोटेरिसिनही एका स्ट्रेप्टोमायसिसचीच देणगी, हॅमायसिनच्याच रासायनिक कुळातली. ते मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून रुग्णावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. जिवाणूंवरची कितीतरी औषधं त्या मानाने सौम्य आणि बुरशीवरची थोडी व जाचक का, याचं बरंचसं उत्तर वंशावळीत आहे. आपल्या पटलातलं कोलेस्टेरॉल आणि बुरशीचं एर्गोस्टेरॉल यांची घडण जवळजवळची आहे. औषधाला दोन नातलगांमधला बारीक फरक ओळखावा लागतो. जिवाणूंच्या बाबतीत फरक एवढा मोठा की निशाण्याला जागाच जागा. बुरशीनाशक शोधणाऱ्याने सुरुवातीपासून कुठे सावध राहायचं, हे वंशावळ आधीच सांगून ठेवते.

दुसरा पुरावा चाकणच्या परिसरातला. आज चाकण म्हटलं की वाहनउद्योग डोळ्यांपुढे येतो, पण चाकणचा बाजार आजही कांदा-बटाट्यासाठी ओळखला जातो. बटाट्यावर दोन प्रकारचा करपा पडतो, लवकर येणारा आणि उशिरा येणारा. दोन्हींत पानं डागाळतात, जळल्यासारखी होतात. म्हणून दोन्ही करपाच. लवकर येणारा करपा अल्टरनेरिया या खऱ्या बुरशीमुळे होतो आणि कांद्यावरचा जांभळा करपा तिच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातीमुळे. उशिरा येणारा करपा, ज्याने 1845 पासून आयर्लंडमध्ये दुष्काळाचा कहर माजवला, तो फायटोफ्थोरामुळे. फायटोफ्थोरालाही तंतू असतात, बीजाणू असतात, आणि बराच काळ तो बुरशीच मानला गेला. प्रत्यक्षात त्याचं घराणं तपकिरी शैवालं आणि डायटम यांचं. त्याच्या भिंतीत सेल्युलोज आहे आणि तो स्वतः स्टेरॉल बनवत नाही. परिणाम थेट फवारणीच्या पंपापर्यंत पोचतो. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं बुरशीची स्टेरॉल बनवण्याची प्रक्रिया तोडतात. फायटोफ्थोराकडे ती प्रक्रियाच नाही, त्यामुळे तिथे ती वाया जातात. उलट मेटॅलॅक्झिल फायटोफ्थोरावर चालतं आणि खऱ्या बुरशीवर चालत नाही. जुन्नर-नारायणगावच्या आणि नाशिकच्या द्राक्षबागांतही हेच: भुरी ही बुरशी, डाऊनी ही फायटोफ्थोराची नातलग, आणि दोघींची औषधं वेगळी. मँकोझेबसारखी काही औषधं दोन्ही घराण्यांतल्या कितीतरी रोगांवर चालतात हे खरं. पण ती एकाच वेळी पेशीतल्या अनेक ठिकाणी घाव घालतात म्हणून. नेमका निशाणा साधणारं औषध निवडायचं तर घराणं ओळखावंच लागतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: सृष्टी दोनच्या तीन झाल्या, चार झाल्या, पाच झाल्या, 2015 मध्ये रुजिएरो आणि सहकाऱ्यांनी सात मांडल्या, कोणी उद्या दहा मांडील. ज्या गोष्टीची साधी मोजदाद ठरत नाही, ती निसर्गात आहे असं कशाच्या बळावर म्हणायचं? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: गट आणि त्याची पायरी. बुरशी ही एका सामाईक पूर्वजाची संतती आहे, हे विधान पुराव्याने तपासता येतं. त्या संततीला सृष्टी म्हणायचं की संघ, हे कोणत्याही पुराव्याने ठरत नाही. तो अभ्यासकांमधला करार आहे. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बोल्ट मापाने लावता येतात, धातूने लावता येतात, डोक्याच्या आकाराने लावता येतात. कपाटाला किती खण करायचे हे मालकाच्या मर्जीवर. पण पोलादाचा हीट नंबर मर्जीवर नसतो. एका भट्टीतून एकाच वेळी ओतलेल्या पोलादातला एक बोल्ट तडकला, तर त्याच हीटचे सगळे बोल्ट बाजूला काढले जातात, त्यांचं माप काहीही असो. कारण उगम एक असला की न तपासलेला दोषही एक असण्याची शक्यता मोठी. सृष्टींची संख्या म्हणजे कपाटाचे खण. वंश म्हणजे हीट नंबर. संख्येवरचा वाद खरा आहे, पण तो खणांचा वाद आहे.

याच कसोटीवर काही जुने गट मात्र खरोखर मोडीत निघतात, आणि ते मान्य केलं पाहिजे. व्हिटाकरचा मोनेरा जिवाणू आणि आर्किया यांना एकत्र बांधतो, पण आर्किया आपल्याला अधिक जवळचे आहेत. 2015 मध्ये उत्तर अटलांटिकच्या समुद्रतळातल्या गाळातून लोकी नावाच्या आर्कियांचा जनुकसंच जुळवला गेला, तेव्हा केंद्रक असलेल्या पेशींचा उगम आर्कियांच्याच एका शाखेतून झाला असावा हा तर्क बळकट झाला. प्रोटिस्टा तर उरलेल्यांची पेटी: अमीबा, युग्लीना, डायटम असे एकमेकांशी फारसं देणंघेणं नसलेले जीव केवळ दुसरीकडे बसत नाहीत म्हणून एकत्र आले. अशा गटांवरून अनुमान काढायला गेलं तर ते फसतं, आणि फसतं म्हणूनच गट सदोष आहे हे कळतं. वर्गीकरण मनमानी असतं, तर ते चुकीचं ठरवायला जागाच राहिली नसती.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. शास्त्रज्ञ नावं बदलत राहतात आणि त्रास बाकीच्यांना होतो. पेनिसिलिनची बुरशी घ्या. फ्लेमिंगने 1929 च्या निबंधात तिची एक ओळख दिली, मग ती पेनिसिलियम नोटाटम ठरली, पुढे क्रायसोजीनम, आणि 2011 मध्ये जनुकीय तपासणीनंतर रुबेन्स. उन्हाळ्यात पवना आणि इंद्रायणी झाकून टाकणारी जलपर्णी कालपर्यंत आयकॉर्निया होती. 2018 मध्ये तिला पॉन्टेडेरिया या प्रजातीत घालण्यात आलं. ऑरिओफंगिनचा उत्पादक स्ट्रेप्टोव्हर्टिसिलियम या प्रजातीतला, आणि ती अख्खी प्रजातीच 1990 च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिसमध्ये विलीन झाली. तक्रार रास्त आहे. पण या बदलांत काय बदललं आणि काय टिकलं, हे पाहायला हवं. जलपर्णीवर सोडण्यासाठी दक्षिण अमेरिकेतले भुंगेरे 1980 च्या दशकात भारतात आणले गेले. असे कीटक आणताना ते आधी लक्ष्य वनस्पतीच्या जवळच्या नातलगांवर आणि मग दूरच्यांवर तपासतात, कारण कीटकाची आवड बहुधा नात्याच्या वाटेने चालते. हे भुंगेरे जवळजवळ जलपर्णीच्या कुळापुरतेच राहतात. प्रजातीचं नाव बदललं, कुळ तेच राहिलं, आणि अनुमानही शाबूत राहिलं. नाव बदलतं ते नातं अधिक नेमकं कळल्यामुळे. शिवाय नाव हवेत नसतं. प्रत्येक नावामागे जपून ठेवलेला नमुना असतो आणि शंका आली की त्याच्याकडे परत जाता येतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा, आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जिवाणू-आर्कियांचा संग्रह आहे. एका शहरात असे तीन राष्ट्रीय संग्रह असणं ही अभिमानाची आणि, त्यापेक्षा जास्त, जबाबदारीची गोष्ट आहे. त्यांच्याखेरीज नाव हे निव्वळ मत उरेल.

तिसरा आक्षेप जीवशास्त्राच्या आतून येतो. जिवाणू आपली जनुकं आडव्या मार्गानेही देतात-घेतात. प्रतिजैविकांना दाद न देण्याचं जनुक एका जातीतून दुसऱ्या जातीत उडी मारतं. आपल्या पेशींतली मायटोकाँड्रिया एकेकाळची स्वतंत्र जिवाणू होती, असं लिन मार्ग्युलिसने 1967 मध्ये मांडलं आणि ते सिद्ध झालं. मग वंशवृक्षाला अर्थ काय राहतो? फोर्ड डूलिटल यांनी 1999 मध्ये हा प्रश्न नेटाने विचारला. त्यातलं तथ्य मान्य करावं लागतं: जिवाणूंच्या पातळीवर वृक्षाच्या फांद्यांमध्ये वेलींचं जाळं आहे. एखादा जिवाणू कोणत्या जातीचा हे कळल्याने तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही हे पूर्ण कळत नाही. म्हणून रुग्णाच्या नमुन्याची कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी चाचणी करावीच लागते. पण रायबोसोम, पेशीभित्तिका, पटल यांसारख्या मूळ यंत्रणा इतक्या सहज हस्तांतरित होत नाहीत, आणि जनुकांची देवघेवही बहुतांशी नातलगांमध्ये जास्त चालते. वर्गीकरण सगळं सांगत नाही. ते जे सांगतं त्याची मर्यादा मात्र सांगता येते, आणि हेही ज्ञानच आहे.

राहता राहिला मुद्दा लोकव्यवहारातल्या वर्गीकरणाचा. शेतकरी पीक आणि तण असा भेद करतो, वैद्य गुणांवरून वनस्पती लावतो, स्वयंपाकघर भाजी आणि फळ वेगळं काढतं. यातलं काहीही चूक नाही. प्रत्येक मांडणी आपापल्या प्रश्नाचं उत्तर देते. तण म्हणजे नको तिथे उगवलेली वनस्पती, आणि कोणती वनस्पती नको हे शेतमालकालाच ठाऊक. गल्लत होते ती एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावल्यावर. लक्षणांवरून ठरलेला करपा रोग ओळखायला पुरेसा आहे, औषध निवडायला नाही.

ही गल्लत आपण शाळेतच रुजवतो. 2018 मध्ये आलेल्या राज्य मंडळाच्या आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाच सृष्टींची मांडणी येते, नववीत वनस्पतींचं वर्गीकरण येतं, आणि उत्क्रांती भेटते ती थेट दहावीत. म्हणजे गट कशामुळे बनतात हे कळण्याच्या दोन वर्षं आधी मूल गटांची नावं पाठ करतं. केंद्रीय अभ्यासक्रमाने तर दहावीतून उत्क्रांतीचा भाग वगळला. कारणाविना शिकवलेलं वर्गीकरण म्हणजे तोंडपाठ यादी, आणि यादी बदलली की मुलांना वाटतं विज्ञानच डळमळीत आहे. उपाय खर्चिक नाही. उत्क्रांती वर्गीकरणाच्या आधी शिकवा, निदान सोबत तरी. पाच सृष्टी शिकवा, पण एका टप्प्यावरचं उत्तर म्हणून, आणि त्यातले कोणते गट टिकले, कोणते मोडले, का मोडले हे सांगा. पिंपरी-चिंचवडच्या शिक्षकांना उदाहरणांसाठी लांब जायला नको: औषधाचा कारखाना गावात आहे, जलपर्णी नदीत आहे, करपा चाकणच्या शिवारात आहे. सृष्टी किती, हा प्रश्न परीक्षेतून खुशाल काढून टाकावा. त्याऐवजी विचारावं: हे दोन जीव एका गटात आहेत, तर तिसरी कोणती गोष्ट न पाहताच सांगता येईल? या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गीकरण समजलं आहे. बाकीच्यांनी ते फक्त पाठ केलेलं आहे.